विश्लेषण : भौतिकशास्त्र विभागाला संगणक प्रयोगशाळा कशासाठी? ती चालू ठेवणे अवघड का?

विंडोज १० चा आधार संपला, मेमरी चिप महागल्या आणि अभ्यासक्रमात संगणकीय प्रात्यक्षिके वाढली. त्यामुळे विद्यापीठे व महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांतील संगणक प्रयोगशाळांपुढे एकाच वेळी अनेक प्रश्न उभे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा प्रश्न मात्र यंत्रांचा नाही.

जुईनगर स्थानकालगतच्या शिरवणे गावाच्या एका अंगाला लोकवस्ती आणि दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात जिथे एकेकाळी रसायनांचे आणि कापडाचे कारखाने होते, तिथे आज ठिकठिकाणी डेटा सेंटर उभी आहेत. पलीकडे पनवेलला योट्टा कंपनीचे अवाढव्य डेटा सेंटर २०२० पासून सुरू आहे. देशातील संगणकीय ताकदीचा मोठा वाटा या परिसरात एकवटला आहे. याच शिरवण्यातून भौतिकशास्त्र शिकायला निघालेला विद्यार्थी हार्बरची लोकल पकडून कुर्ल्याला उतरतो आणि बसने कलिन्याच्या विद्यानगरीत किंवा जवळच्या एखाद्या महाविद्यालयात पोहोचतो. तिथे प्रात्यक्षिकाच्या तासाला त्याच्या वाट्याला येणारा संगणक कोणता, तो सुरू होतो का आणि त्यावर काय करायचे हे सांगणारे कोणी आहे का, हा या लेखाचा विषय.

हा विषय आता चर्चेत का?

कारणे तीन. पहिले, मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार थांबवला. संगणक बंद पडत नाहीत, पण सुरक्षेच्या सुधारणा मिळत नाहीत. शैक्षणिक संस्थांना त्या पैसे भरून मर्यादित काळापुरत्या घेता येतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक नियमाने अपात्र ठरतात आणि प्रयोगशाळांत अशा संगणकांची कमतरता नाही.

दुसरे कारण बाजाराचे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. त्या मागणीमुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून मेमरी चिपचे भाव चढले. जुन्या संगणकात रॅम वाढवून आणखी तीन-चार वर्षे काढायची, हा विभागांचा नेहमीचा उपायही त्यामुळे महाग झाला.

तिसरे कारण अभ्यासक्रमाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये बीएस्सी भौतिकशास्त्रासाठी जो आदर्श अभ्यासक्रम दिला, त्यातच गणितीय भौतिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी सी, सी++ आणि सायलॅब यांचा वापर सुचवला होता. हायड्रोजन अणूसाठी श्रोडिंगरचे समीकरण संगणकावर सोडवण्याचे प्रात्यक्षिकही त्यात होते. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले आणि कौशल्याधारित विषयांवरचा भर वाढला. फळ्यावर प्रोग्रॅम लिहून तो जर्नलमध्ये उतरवून घेण्याची पद्धत आता पुरेशी नाही.

भौतिकशास्त्राला स्वतंत्र संगणक प्रयोगशाळा कशाला?

पुस्तकातली बरीच समीकरणे कागदावर सुटतात, कारण ती सुटतील अशीच निवडलेली असतात. लंबकाचे उदाहरण घ्या. अकरावी-बारावीत शिकवले जाणारे आवर्तकालाचे सूत्र लहान कोनांपुरतेच खरे आहे. लंबक ६० अंशांपर्यंत ओढून सोडला, तर प्रत्यक्ष आवर्तकाल त्या सूत्रापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी जास्त येतो आणि ९० अंशांना हा फरक १८ टक्क्यांवर जातो. हवेचा विरोध धरला की फेकलेल्या चेंडूचा मार्गही साध्या सूत्रात बसत नाही. खऱ्या जगातले भौतिकशास्त्र बहुतांशी असेच आहे आणि तिथे आकडेमोडीला पर्याय नसतो.

म्हणूनच प्रयोग आणि सिद्धान्त यांच्या जोडीला संगणकीय अनुकरण ही भौतिकशास्त्राची तिसरी वाट मानली जाते. १९५३ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे ‘मेनिअॅक’ या संगणकावर फर्मी, पास्ता, उलाम आणि मेरी त्सिंगू यांनी स्प्रिंगने जोडलेल्या कणांच्या साखळीची हालचाल मोजली. ऊर्जा सगळ्या कणांत सारखी वाटली जाईल, ही त्यांची अपेक्षा होती. पण ती काही काळाने जवळपास मूळ स्थितीत परतली. हा शोध फक्त संगणकावरच लागू शकला असता आणि त्यातून पुढे अभ्यासाचे एक नवे क्षेत्र उभे राहिले. २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल हवामानाच्या संगणकीय प्रारूपांसाठी स्युकुरो मनाबे आणि क्लाऊस हॅसलमान यांना, जॉर्जो पारिसी यांच्यासह मिळाले. २०२४ चे जॉन हॉपफिल्ड व जेफ्री हिंटन यांना कृत्रिम चेताजालांच्या पायाभूत कामासाठी देण्यात आले.

संगणकशास्त्र विभागात प्रयोगशाळा असताना भौतिकशास्त्राला वेगळी का, असा प्रश्न अनेकदा खरेदी समितीत विचारला जातो. उत्तर सोपे आहे. तिथे प्रोग्रॅम कसा लिहावा हे शिकवतात. इथे प्रोग्रॅमने दिलेले उत्तर निसर्गाला धरून आहे का, हे तपासायला शिकवतात.

हे तपासणे म्हणजे नेमके काय?

सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीचे प्रात्यक्षिक पाहू. आजची जागा आणि वेग माहीत आहेत, गुरुत्वाकर्षणाचा नियम माहीत आहे. त्यावरून उद्याची जागा आणि वेग काढायचा, मग परवाचा, असे ३६५ वेळा. ही ऑयलरची पद्धत. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत काम होते. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, चूक दाखवत नाही, सुंदर आलेखही काढतो. पण वर्षअखेरीस पृथ्वी निघालेल्या जागी परतत नाही. कक्षा डोळ्यांना दिसेल इतकी फुगलेली असते आणि पृथ्वी हळूहळू सूर्यापासून लांब जात राहते.

निसर्गात असे होत नाही. विद्यार्थ्याने दर पायरीला एकूण ऊर्जा मोजली, तर ती वाढताना दिसते आणि चोर सापडतो. गणनेच्या पद्धतीनेच शून्यातून ऊर्जा निर्माण केलेली असते. टप्पा दिवसाऐवजी तासाचा केला तर चूक कमी होते, पण जात नाही. व्हर्लेची पद्धत वापरली की तेवढ्याच कष्टात कक्षा जागेवर राहते. हा धडा व्याख्यानात सांगून कळत नाही. पृथ्वी आपल्या पडद्यावरून निसटताना पाहावी लागते.

अशी चूक वर्गाबाहेर झाली, तर तिची किंमत मोठी असते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील दाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते आणि एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत अचूक मांडता येत नाही. दर वेळची नगण्य चूक शंभर तासांत साचून सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून अधिक पुढे जाते.

महाराष्ट्राचा या क्षेत्रातील वारसा कोणता?

वारसा जुना आहे. देशात बनलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक असलेला ‘टिफ्रॅक’ मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झाला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने तो बांधला होता. त्याची स्मृती आजच्या हिशेबात सुमारे दहा किलोबाइट होती. हा लेख ज्या मोबाइलवर वाचला जात असेल, त्यात सहा जीबी रॅम असेल तर ती टिफ्रॅकच्या सहा लाख पट ठरते. तरीही त्या यंत्रावर शास्त्रज्ञांनी गंभीर आकडेमोड केली. १९६४ मध्ये संस्थेत आलेला सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बाहेरच्या संस्थांनाही वापरायला मिळत असे. संगणक सगळ्यांना घेणे परवडत नसेल, तर एक घ्यावा आणि वाटून वापरावा, ही रीत तेव्हापासूनची.

पुण्यातील ‘आयुका’ १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उभारली तीही याच विचाराने. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिथे संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा, याचे गणित मांडले. तेव्हा अशा लहरी कोणी पाहिलेल्या नव्हत्या. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने त्या प्रथम टिपल्या, तेव्हा हे गणित कामी आले. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा परिसरात लायगो-इंडिया उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही वेधशाळा सुरू होईल तेव्हा तिथल्या विदेचे विश्लेषण करणारी माणसे आज पदवीच्या वर्गात आहेत.

लायगोने आपली निरीक्षणे सर्वांसाठी खुली केली आहेत. २०१५ चा तो पहिला संकेत महाविद्यालयीन विद्यार्थीही साध्या संगणकावर, मोफत पायथनच्या मदतीने स्वतः शोधून काढू शकतो.

यासाठी किती ताकदीचे संगणक लागतात?

वाटते त्यापेक्षा बरेच कमी. गरजेचे तीन थर करता येतात.

पहिला थर पदवीच्या प्रात्यक्षिकांचा. लंबक, ग्रहकक्षा, किरणोत्सर्गी क्षय, उष्णतेचे वहन यांसाठी चार ते आठ जीबी रॅमचा दहा वर्षे जुना संगणकही पुरतो.

दुसरा थर पदव्युत्तर प्रकल्प आणि पीएचडीच्या सुरुवातीचा. पदार्थांचे गुणधर्म इलेक्ट्रॉनच्या पातळीवरून काढायचे असतील, तर ‘क्वांटम एस्प्रेसो’सारखी मोफत प्रणाली आहे, पण गणना तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालते. इथे अनेक कोअर असलेला एखादा सर्व्हर, यूपीएस आणि वातानुकूलन लागते. वीज गेली तर आठवड्याचे काम जाऊ शकते.

तिसरा थर महासंगणकाचा. तो प्रत्येक विभागाने घ्यायचा नसतो. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली. पुण्यातील सी-डॅक आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था ती राबवतात. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ बसवण्यात आला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे तीन ‘परम रुद्र’ कार्यान्वित झाले. त्यांतील पुण्याचा जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सुमारे १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मोहिमेतून जीपीयू सवलतीच्या दरात भाड्याने देण्याची सोयही सुरू झाली आहे.

गंमत अशी की तिसऱ्या थरावर हजारो कोटींच्या योजना आहेत आणि पहिल्या थरावर वीस साधे संगणक चालू स्थितीत ठेवणे जड जाते. महासंगणकावर काम करणारा विद्यार्थी मात्र पहिल्या थरातूनच वर यायचा असतो.

मग अडते कुठे?

खरेदीत फारसे अडत नाही. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना २००० पासून विद्यापीठीय विभागांना उपकरणे आणि संगणकीय सोयींसाठी निधी देते. ‘रुसा’च्या जागी आलेल्या ‘पीएम-उषा’ योजनेला २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी सुमारे १२,९२६ कोटी रुपये देण्यात आले. अशा अनुदानातून संगणक येतात, उद्घाटन होते, पहिली दोन-तीन वर्षे हमीकाळ असतो.

अडते ते त्यानंतर. हमी संपली की देखभाल करारासाठी विभागाच्या वार्षिक खर्चातून पैसे काढावे लागतात. एकाचा पॉवर सप्लाय जातो, दुसऱ्याचा मॉनिटर, तिसऱ्याची हार्ड डिस्क. तिघांचे मिळून एक यंत्र चालू होऊ शकते, पण प्रत्येकाची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वेगळी असते आणि सुटे भाग बदलण्याचा अधिकार कोणाला, हे स्पष्ट नसते. निर्लेखनाची प्रक्रिया लांबते म्हणून बंद यंत्रे टेबलावरच राहतात. कागदावर वीस संगणक असतात. नवी मागणी गेली की ‘वीस आहेत ना’ असे उत्तर येते.

दुसरी अडचण माणसाची. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणे तयार करणारा सहायक असतो, तसा संगणक प्रयोगशाळेत प्रणाली सांभाळणारा माणूस लागतो. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालयांत अध्यापक आणि शिक्षकेतर पदे मोठ्या संख्येने रिक्त असल्याची तक्रार अनेक वर्षांची आहे. त्यात प्रणाली व्यवस्थापक हे पद बहुतेक विभागांच्या आकृतिबंधातच नसते. मग एखादा उत्साही प्राध्यापक हे काम अंगावर घेतो. त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की प्रयोगशाळाही मागे पडते.

तिसरी अडचण वापराची. संगणक असलेली खोली म्हटली की प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, ऑनलाइन परीक्षा सगळे तिथेच येते. आणि चौथी परीक्षेची. जर्नलमध्ये प्रोग्रॅमची छापील प्रत आणि आलेख लावला की गुण मिळत असतील, तर स्वतः करून पाहण्याचे कारण उरत नाही.

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई शहर व उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पसरले आहे. अभ्यासमंडळाने एक प्रात्यक्षिक घातले की ते शिरवण्याजवळच्या महाविद्यालयालाही लागू होते आणि सावंतवाडीच्याही. दोन्हीकडे माणूस आणि देखभाल सारखी असेलच असे नाही.

विंडोज १० चे जुने संगणक टाकून द्यावे लागतील का?

भौतिकशास्त्रापुरते तरी नाही. लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रांवर चालते आणि जगातील आघाडीचे महासंगणक लिनक्सवरच चालतात. म्हणजे पुढे जिथे जायचे, त्याचीच सवय इथे होते. सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स आहे, डेबियन आणि उबंटू आहेत. महागड्या मॅटलॅबऐवजी पायथन, ऑक्टेव्ह, सायलॅब चालतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अशा मुक्त प्रणालींचा शिक्षणात प्रसार करतो आणि तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे अनेक धडे मराठीत मोफत आहेत.

दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने विकसित केलेले ‘एक्सपआयज’ हे छोटे उपकरण यूएसबीने जोडले की साधा संगणक ऑसिलोस्कोप, सिग्नल जनरेटर आणि मापकाचे काम करतो. त्यामुळे संगणकाची खोली आणि प्रयोगाची खोली अशी फाळणीही मिटते.

मर्यादा मात्र ओळखाव्यात. १९९४ मध्ये नासातील थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ क्लस्टर उभारला. त्यापासून प्रेरणा घेऊन जुन्या यंत्रांचा क्लस्टर करणे शिकण्यासाठी उत्तम, पण संशोधनासाठी नव्हे. वीस जुने संगणक प्रत्येकी १२० वॅट धरले, तर सहा तासांत १४ युनिटहून अधिक वीज खातात. आजचा एक चांगला सर्व्हर त्याहून कमी विजेत अधिक काम करू शकतो. खरोखर निकामी झालेली यंत्रे एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अधिकृत पुनर्प्रक्रियेला जायला हवीत, जिन्याखाली नव्हे.

क्लाऊड, मोबाइल आणि एआयमुळे प्रयोगशाळेची गरज संपेल का?

क्लाऊडवरील मोफत नोटबुकांमुळे संगणक नसलेल्या विद्यार्थ्यालाही पायथन चालवता येते, हा मोठा दिलासा आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर शंभर ओळींचा प्रोग्रॅम दुरुस्त करून पाहावा, म्हणजे अडचण कळेल. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याला प्रयोगशाळा बंद असल्याने फार फरक पडत नाही. ज्याच्या घरी फक्त मोबाइल आहे, त्याचे नुकसान होते. विद्यापीठीय प्रयोगशाळेचा खरा सामाजिक उपयोग इथे आहे.

एआयने प्रश्न उलटा केला आहे. पृथ्वीच्या कक्षेचा प्रोग्रॅम आता चॅटबॉट काही सेकंदांत लिहून देतो. तो ऑयलरच्या पद्धतीने लिहिला आहे की व्हर्लेच्या, ऊर्जा टिकते की वाढते, हे विचारायचे सुचले पाहिजे. लिहिण्याचे कष्ट कमी झाले, तपासण्याची जबाबदारी वाढली. ती सवय लागण्याची जागा प्रयोगशाळाच आहे. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत किंवा बँकांच्या जोखीम विभागांत भौतिकशास्त्राचे पदवीधर घेतले जातात, ते याच सवयीसाठी.

पुढे काय करता येईल?

फार मोठ्या निधीशिवाय करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. संगणकाच्या प्रत्येक अनुदानात पाच वर्षांच्या देखभालीचा वाटा आधीच राखून ठेवणे. जवळच्या चार-पाच महाविद्यालयांत मिळून एक प्रणाली व्यवस्थापक नेमणे. प्रात्यक्षिक परीक्षेत छापील प्रतीऐवजी मुद्दाम चूक घातलेला प्रोग्रॅम देऊन ती शोधायला सांगणे. हार्बर मार्गावर मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००४ पासून राष्ट्रीय उपक्रम चालतो. नवी मुंबईच्या महाविद्यालयांना शिक्षक प्रशिक्षणासाठी तो शेजार उपयोगी पडू शकतो. डेटा सेंटर चालवणाऱ्या कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून एखादा सर्व्हर किंवा काही तासांचे जीपीयू स्थानिक महाविद्यालयांना मिळवून देणे हाही मार्ग आहे. त्यासाठी विभागांनी आपल्याला नेमके काय हवे, हे आधी कागदावर मांडायला हवे.

पालक आणि विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना ‘संगणक किती?’ हा प्रश्न विचारण्यापेक्षा दुसरे दोन विचारावेत. आठवड्यातून किती तास प्रयोगशाळा विद्यार्थ्यांसाठी उघडी असते? आणि ती सांभाळायला कोण आहे? या दोन उत्तरांवरून विभागाची खरी स्थिती कळते.